साठीची वाट बघत घरात बसायचं का? विरंगुळा केंद्राबद्दल आयुक्त साहेबांना खुलं पत्र

मा. आयुक्त साहेब, तसंच उद्यान विभाग आणि समाज विकास विभागातले सर्व अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

याच विषयावर मी रीतसर अर्ज केला होता, आवक विभागाचा शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे, त्याला आता सात आठवडे झाले. त्यानंतर दोनदा ऑफिसात जाऊन आले, एकदा साहेब साईटवर होते आणि एकदा मीटिंगमध्ये. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. शहराचं आणि बागेचं नाव मुद्दाम टाकलं नाही, कारण भांडण कुठल्या माणसाशी नाही, एका निर्णयाशी आहे, आणि हे वाचून दुसऱ्या गावातल्या कुणाला आपल्याच बागेची आठवण आली तर त्यांनीही आपापल्या ऑफिसात जाऊन विचारावं असं मला मनापासून वाटतं.

विषय आमच्या भागातल्या बागेतल्या विरंगुळा केंद्राचा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या दारावर एक बोर्ड लागला. शब्द जसेच्या तसे देते: "सदर विरंगुळा केंद्र हे केवळ ६० वर्षे व त्यावरील ज्येष्ठ नागरिकांकरिता राखीव असून इतरांस प्रवेश निषिद्ध आहे. ओळखपत्र सोबत बाळगणे. वेळ सकाळी ११ ते दुपारी ४. आदेशावरून." खाली सही नाही, तारीख नाही, जावक क्रमांक नाही.

मी छप्पन वर्षांची आहे, म्हणजे त्या बोर्डाप्रमाणे मी "इतर".

माझ्याबद्दल थोडं सांगते, त्याशिवाय मला हे एवढं का लागलंय ते कळायचं नाही. मी एका पतसंस्थेत सव्वीस वर्षं नोकरी केली, काउंटरला होते, दिवसाला शंभर माणसांशी बोलायची सवय. मिस्टर गेले तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. पुढच्याच वर्षी आमची शाखा बंद झाली आणि आम्हाला हिशोब देऊन मोकळं केलं. मुलगा बंगळुरूला, सून पण तिकडेच नोकरीला, त्यांचं चांगलं चाललंय, दोघं रोज फोन करतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या दीड वर्षात माझं काय झालं होतं ते माझं मला माहीत. संध्याकाळी मुलाचा फोन आला की माझा आवाज घोगरा निघायचा, तो विचारायचा आई सर्दी झालीये का, आणि सर्दी नसायची, सकाळपासून तोंडातून एक शब्द काढलेला नसायचा म्हणून घसा तसा व्हायचा. भाजी आठवड्याची एकदम आणायची म्हणजे रोज खाली उतरायला नको. भिशी सोडली, लग्नाकार्याला जाणं सोडलं. सोसायटीतल्या हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं बंद झालं होतं, ते का हे बायकांना सांगायला नको, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

समोरच्या काकू बहात्तर वर्षांच्या, त्यांचा गुडघा बदललेला. इतक्या जवळच्या भाड्याला रिक्षावाले तयार होत नाहीत म्हणून त्या मला म्हणाल्या, अगं तुझी स्कूटी नुसती धूळ खात उभी आहे, मला केंद्रावर सोडत जा की. मी त्यांना सोडायला गेले. पहिल्या दिवशी बाहेर बाकावर थांबले, दुसऱ्या दिवशी आत बसले, आणि महिन्याभरात केंद्राची हजेरीवही माझ्याकडे आली.

साहेब, ही वही तुम्ही बघावी अशी माझी फार इच्छा आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. नाव, वय, घरचा पत्ता, मुलांचे फोन नंबर, कुठली गोळी चालू आहे, आणि शेवटचा रकाना "कोण बघणार". रोज हजेरीची खूण करायची. दोन दिवस खूण नसली की शेवटच्या रकान्यात ज्याचं नाव असेल त्याने फोन करायचा आणि फोन उचलला नाही तर घरी जायचं. ही पद्धत कुठल्या योजनेत नाही, आमच्यातल्याच एका निवृत्त शाळामास्तरांनी शाळेच्या कॅटलॉगवरून बसवलेली.

मागच्या पावसाळ्यात एक काका दोन दिवस आले नाहीत. वय अठ्ठ्याहत्तर, एकटे राहायचे. त्यांच्यापुढे ज्यांचं नाव होतं ते त्रेपन्न वर्षांचे, रिक्षा चालवतात. त्यांनी दोनदा फोन लावला, उचलला नाही, तसे ते पॅसेंजर सोडून थेट काकांच्या घरी गेले, शेजारच्यांकडे ठेवलेली चावी मागून घेतली आणि दार उघडलं. काका बाथरूमच्या उंबऱ्यात पडलेले, खुबा मोडलेला, आदल्या रात्रीपासून तिथेच. हाताला लागेल ते ओढायच्या नादात बादली उपडी झालेली आणि ते ओल्यात पडून होते. ऑपरेशन झालं, तीन महिन्यांनी वॉकर घेऊन केंद्रावर आले आणि सगळ्यांना पेढे वाटले.

आता बोर्डाच्या हिशोबाने बघा. काका आत बसू शकतात, त्यांना वाचवणारा रिक्षावाला आत येऊ शकत नाही.

वहीतल्या शेवटच्या रकान्यात एकतीस नावं होती, मी मोजली, त्यातली बावीस पन्नास ते साठमधली. साहजिकच आहे, या वयाच्या माणसांकडे गाडी असते, अंगात जिने चढायची ताकद असते, मोबाईल जमतो, आणि दुपारी किंवा संध्याकाळी तास दोन तास काढता येतात. बोर्ड लागल्यावर आम्ही बावीस जण बाहेर पडलो आणि वही बंद पडली, कारण सत्तरीच्या माणसाने ऐंशीच्या माणसाकडे चार मजले चढून जायचं हे होणारच नव्हतं. ऑगस्टमध्ये एका आजींना चार दिवस ताप होता, कुणाला पत्ता नाही, दाराला लावलेल्या पिशवीत दुधाच्या पिशव्या तशाच राहिलेल्या बघून दूधवाल्याने खालच्या दुकानात सांगितलं तेव्हा कळलं. त्या वाचल्या, पण त्यांना शोधायचं काम आमचं होतं आणि ते आमच्याकडून काढून घेतलं गेलं, हे मला विसरता येत नाही.

साठ हा आकडा आला कुठून ते मी शोधायचा प्रयत्न केला. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला की हा आदेश कुणी, कधी, कशाच्या आधारे काढला त्याची प्रत द्या. उत्तर आलं, "मागणी केलेली माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही." तोंडी सांगितलं गेलं की शासनाची ज्येष्ठ नागरिकाची व्याख्याच साठची आहे, आम्ही काय करणार. तर साहेब, व्याख्या मला पण माहीत आहे. राज्याचं ज्येष्ठ नागरिक धोरण २०१३ साली आलं तेव्हा त्यात वय ६५ होतं, लोकांनी पाठपुरावा केला आणि २०१८ साली शासनाने ते ६० वर आणलं. म्हणजे आकडा बदलता येतो, सरकारनेच बदललाय. एसटीत ७५ च्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, आणि बायकांना मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं तिकीट. रेल्वेची सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली, पण ती होती तेव्हा बायकांना ५८ पासून आणि पुरुषांना ६० पासून होती. म्हणजे प्रत्येक ठिकाणी कामाप्रमाणे वेगळी रेघ मारलेली आहे. जिथे पैशाची सवलत द्यायची तिथे रेघ लागतेच, ते मी समजू शकते. पण एका खोलीत चार कॅरम बोर्ड, दोन कपाटं पुस्तकं आणि पंखे, तिथे एकावन्न वर्षांचा माणूस येऊन बसला तर महापालिकेचा कुठला पैसा जास्त खर्च होतो?

आणि हे बघा, राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी रिटायर होतात. पीएफची पेन्शन ५८ ला चालू होते. आमच्यातले एक जण जिल्हा परिषदेतून मे महिन्यात रिटायर झाले, सत्कार झाला, भाषणात सगळे म्हणाले आता विश्रांती घ्या, समाजकार्य करा. जूनमध्ये ते केंद्रावर आले तर वॉचमनने आधार कार्ड बघून सांगितलं, दोन वर्षांनी या. दोन वर्षं त्यांनी काय करायचं? टीव्हीसमोर बसायचं, तेच ते करतायत, त्यांची बायको मला रडवेली होऊन सांगत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की माणूस घरात बसायला लागतो तो साठीनंतर नाही, साठीच्या आधीच. पन्नास ते साठ या दहा वर्षांत सगळं एकदम होतं. मुलं शिकायला नोकरीला बाहेर जातात. ज्यांची उठबस करण्यात दिवस जायचा ते सासूसासरे, आईवडील याच काळात जातात. बायकांची पाळी जाते, झोप जाते, हाडं दुखायला लागतात. बीपी शुगर याच वयात निघते. कंपनी व्हीआरएस देते किंवा बंद पडते, आणि पंचावन्नच्या माणसाला नवीन नोकरी कोण देतं? त्या काळात जो माणूस लोकांत राहिला तो पुढे ऐंशीपर्यंत लोकांत राहतो, आणि जो एकदा घरात शिरला त्याला साठाव्या वाढदिवसाला ओळखपत्र देऊन बाहेर काढता येत नाही. मी तर काठावरून परत आलेय म्हणून सांगतेय. काकूंनी मला त्रेपन्नाव्या वर्षी हाताला धरून नेलं नसतं आणि साठपर्यंत वाट बघा म्हटलं असतं तर तोपर्यंत माझी जायची इच्छाच राहिली नसती.

आमच्यात एक जण आहेत, एमआयडीसीतली त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. घरी मुलीचं लग्न ठरत होतं म्हणून त्यांनी घरी सांगितलंच नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि दिवसभर या बागेत, त्या बागेत, स्टेशनवर असे बसायचे. दोन महिने. एक दिवस जोराचा पाऊस आला म्हणून केंद्राच्या वऱ्हांड्यात उभे राहिले, मास्तरांनी आत बोलावलं, चहा दिला, आणि त्या माणसाने तिथे पहिल्यांदा कुणालातरी खरं सांगितलं. पुढे केंद्रातले सगळे पंखे, ट्यूब, साउंड सिस्टीम त्यांनीच दुरुस्त केली, महापालिकेकडे आम्ही तीनदा तक्रार दिली होती ती कामं. आता ते "इतर".

डॉक्टरलोक पण हेच सांगतात, मी माझं मनाचं सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटं चालणं किंवा तसा व्यायाम करावा, आणि ६५ च्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचा व्यायाम पण करावा, म्हणजे पडणं टळतं. ६५ ला तोल सांभाळायचा तर पायात जीव आधीपासून ठेवायला लागतो ना. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी चौदा कारणं दिली, त्यात बीपी, शुगर, बैठं राहणं, एकटेपण आहे आणि मध्यम वयात ऐकू कमी येणं हे पण आहे. हे शेवटचं मी केंद्रावर आलेल्या एका डॉक्टर मॅडमकडून ऐकलं आणि त्याच आठवड्यात कान तपासून घेतले, माझ्यासोबत अजून सहा जणी गेल्या. एकटीने गेले नसते हे नक्की.

आता बाकीच्या तक्रारी लिहिते.

वेळ. बाग सकाळी ११ ला बंद होते आणि ४ ला उघडते. हा बागेचाच बोर्ड आहे, गेटवर लावलेला. आणि केंद्राची वेळ ११ ते ४. म्हणजे बाग बंद असते नेमकं त्याच वेळेत केंद्र उघडं. ज्यांना साठ पूर्ण झालीत त्यांनी सुद्धा गेटबाहेर उभं राहून वॉचमनला हाक मारायची, तो पंप चालू करायला मागे गेला असेल तर उन्हात थांबायचं. छत पत्र्याचं आहे, दुपारी आत बसवत नाही. आधी केंद्र सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ८ चालायचं, कारण लोक चालायला येतात, चालून झालं की बसतात, पेपर वाचतात, घरी जातात. हे वेळापत्रक कुणी बदललं, का बदललं, कुणालाच सांगता येत नाही.

जागा. हॉलच्या मध्ये प्लायवूड मारून अर्धा भाग उद्यान विभागाच्या सामानाला दिलाय. गवत कापायचं मशीन, पाइपांची भेंडोळी, खताची पोती. खताचा वास इतका येतो की दम्याचे दोघं यायचेच बंद झाले. पुस्तकांचं एक कपाट त्या बाजूला राहिलं, त्याला ओल लागली. जुने दिवाळी अंक होते लोकांनी दिलेले, बांधणी करून ठेवलेले, मी खिडकीतून बघितले तर पानं एकमेकांना चिकटून फुगलेली.

टॉयलेट. याबद्दल मी स्पष्ट लिहिणार आहे कारण सगळे लाजून गप्प बसतात. केंद्राला लागून टॉयलेट आहे, बांधलेलं आहे, नळ आहे, आणि त्याला कुलूप आहे. चावी सुपरवायझरकडे, सुपरवायझर दुसऱ्या बागेवर. सगळ्यात जवळचं टॉयलेट चौकात, रस्ता ओलांडून. पन्नाशीच्या पुढे बायकांना लघवी धरून ठेवता येत नाही, दोन बाळंतपणं झालेल्या कुठल्याही बाईला विचारा. शुगरवाल्यांना दर तासाला जायला लागतं, पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असतो. मग लोक काय करतात, बाहेर पडायच्या आधी दोन तास पाणी पीत नाहीत. मे महिन्यात. एक ताई अशाच चक्कर येऊन पडल्या, आणि घरच्यांनी त्यांचं बाहेर जाणंच बंद केलं. बाई घराबाहेर पडेल की नाही, हे कितीतरी वेळा एका टॉयलेटवर ठरतं साहेब, आणि तुमच्याकडे ते बांधून तयार आहे, फक्त कुलूप काढायचंय.

पायऱ्या. चार पायऱ्या आहेत, कठडा नाही, रॅम्प नाही. वर्गणी काढून आम्ही कठडा बसवतो म्हटलं तर परवानगी लागेल असं सांगितलं, परवानगीचा अर्ज केला तर तो कुठल्या विभागाचा यावर दोन महिने गेले, अजून तिथेच आहे.

आता विभागाची बाजू पण मांडते, कारण ती खोटी नाही. मला तोंडी सांगण्यात आलं की केंद्रात तरुण पोरं येऊन बसायची, पत्ते कुटायची, पैसे लावायची, तक्रारी आल्या म्हणून वयाची अट घातली. हे खरं आहे. चार-पाच जण होते आणि ते तीनपत्ती खेळायचे. पण तक्रार कुणी केली होती? आम्हीच केली होती, माझ्या अक्षरातला अर्ज आहे, मागच्या जानेवारीतला, आणि त्यात लिहिलं होतं की जुगार बंद करा. त्या चार-पाच जणांना कुणी बोललं नाही, ते आता बागेच्या मागच्या कोपऱ्यात खेळतात, आणि बाहेर झालो आम्ही. जे तक्रार करतात त्यांनाच शिक्षा झाली तर पुढच्या वेळी कोण पुढे येणार?

परवा १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनाचा कार्यक्रम झाला. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली हा दिवस ठरवला आणि १९९१ पासून जगभर पाळला जातो, हे सगळं त्या दिवशी भाषणात सांगितलं. शाल, श्रीफळ, नाश्ता, व्यवस्था चांगली होती, त्याबद्दल आभार. आमच्या केंद्रातल्या तीन जणांचा सत्कार झाला. त्यातल्या एक आजी स्टेजवरून खाली आल्यावर मला म्हणाल्या, शाल नको गं, मला तू संध्याकाळची न्यायला ये पूर्वीसारखी. मी काय उत्तर देणार होते? त्यांना सोडून मी बाहेर बाकावर चार तास बसू शकत नाही, आणि मी थांबले नाही तर परत न्यायला कोणी नाही, म्हणून त्या येत नाहीत.

आणि एक तातडीचं. आता नोव्हेंबर येतोय, पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यांचा महिना. मागच्या दोन वर्षी आम्ही केंद्रातच मोबाईलवर चेहरा स्कॅन करून जीवन प्रमाणचे दाखले काढून दिले, मागच्या वर्षी एकोणचाळीस जणांचे. त्यातल्या कित्येकांचे बोटांचे ठसे झिजलेत, मशीनवर उमटत नाहीत, बँकेत जाऊन दोन-दोन खेपा व्हायच्या. खिडकीशी खुर्ची ठेवायची, उजेड तोंडावर घ्यायचा, चष्मा काढायचा, डोळे मिटून उघडायचे. मोबाईल हातात धरणारे आम्ही सगळे पन्नाशीतले. त्याच केंद्रात एका काकांना डिजिटल अरेस्टचा फोन आला होता, व्हिडिओवर पोलीस बनून बसलेला माणूस, काका घाबरून एफडी मोडायला निघाले होते. बँकेच्या वाटेवर चष्मा विसरला म्हणून केंद्रात आले, हात थरथरत होते, विचारलं तर सांगेनात, शेवटी एकीने फोनच काढून घेतला आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला लावला. आयुष्यभराची पुंजी वाचली. अशा गोष्टींची नोंद कुठल्याच फाइलला होत नाही म्हणून तुमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून इथे लिहितेय.

बागेत मोकळेपणाने जमू दिलं की काय उभं राहतं त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १३ मार्च १९९५ ला मुंबईत लोखंडवालाच्या बागेत डॉ. मदन कटारियांनी पाच माणसं जमवून हास्य क्लब सुरू केला, आज तो जगभर पसरलाय. त्या दिवशी बागेच्या दारात कुणी वयाचा दाखला मागितला नव्हता.

आमच्या मागण्या अशा.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, वयाची अट काढा आणि पन्नासच्या वरच्या सगळ्यांना प्रवेश द्या. तेवढं करता येत नसेल तर निदान ज्येष्ठांना आणणारे, सोबत करणारे आणि वही सांभाळणारे यांना सभासद करून घ्या. जागा कमी पडली तर आधी खुर्ची सत्तरीच्या माणसाला मिळेल, हे आम्ही लिहून देतो.

दुसरी, वेळ बागेच्या वेळेप्रमाणे सकाळ-संध्याकाळ करा.

टॉयलेटचं कुलूप याच आठवड्यात काढा, याला ना टेंडर लागतं ना मंजुरी. चावी आमच्याकडे दिली तर सफाईची जबाबदारी आम्ही वाटून घेऊ.

प्लायवूड काढून खत आणि मशीन मागच्या शेडमध्ये हलवा. शेड रिकामी आहे, मी फोटो काढून अर्जाला जोडलेत.

कठड्याला एकतर परवानगी द्या नाहीतर तुम्ही बसवा.

आणि जुगाराची तक्रार आली तर जुगार खेळणाऱ्यांवर कारवाई करा. यापुढे केंद्राबद्दल काही ठरवायचं असेल तर आधी केंद्रात येऊन सांगा, वर्षातून दोनदा तरी एक अधिकारी आमच्यासोबत बसावा आणि जे ठरेल त्यावर सही आणि तारीख असावी.

आम्ही पैसे मागत नाही. वर्गणीतून पेपर, चहा, बोरिक पावडर, बल्ब हे सगळं आम्ही सहा वर्षं केलंय, पुढेही करू.

सध्या आम्ही रोज संध्याकाळी साडेपाचला बागेच्या गेटबाहेर करंजाच्या झाडाखाली सतरंजी टाकून बसतो. साठीच्या आतले आणि साठीच्या पुढचे, सगळे एकत्र. निळी वही परत चालू केलीये, काल तेवीस खुणा होत्या, दोन नावांपुढे रिकामं होतं आणि त्या दोघांच्या घरी आमची माणसं जाऊन आली. पाऊस आला की समोरच्या किराणा दुकानाच्या शेडमध्ये सरकतो. साहेब, आपण किंवा आपल्या विभागातलं कुणी कुठल्याही दिवशी या. अर्जाची पोच, माहिती अधिकाराचं उत्तर आणि फोटो, सगळं माझ्या पिशवीत असतं.

आपली विश्वासू,
हजेरीवही सांभाळणारी एक नागरिक, वय ५६
सोबत त्रेचाळीस सह्या, त्यातल्या एकोणीस साठीच्या आतल्या